सी ड्राइव्ह लाल झालाय, ई मध्ये जागा पडून आहे. फोटो न घालवता जागा इकडून तिकडे नेता येईल का?

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. पंचवटीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण आणि मधल्या वेळेत पासपोर्ट फोटो. कॉम्प्युटर असेंबल्ड, विंडोज ११, आत १ टीबीची एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क). दुकानदाराने देतानाच तिचे तुकडे, म्हणजे पार्टिशन, पाडून दिले होते: सी १२० जीबी, डी ४०५, ई ४०५. तेव्हा वाटलं, माणूस किती मन लावून काम करतो!

आता सी मध्ये ४ जीबी उरलेत. पट्टी लालभडक. लाइटरूम (फोटोंचं सॉफ्टवेअर) उघडायला लावून चहा पिऊन यावं लागतं. डी मध्ये ३८० जीबी फोटो, म्हणजे तोही भरत आलाय. ई मध्ये मात्र निम्म्याहून जास्त जागा मोकळी.

काल व्हिडिओ बघून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. ई वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', १००००० टाकले. काळी पट्टी आली, 'अनअलोकेटेड' लिहिलेली. इथपर्यंत छान. मग सी वर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट. दाबलंच जात नाही. आणि मागितले १०० जीबी, मिळाले ९७.६५. बाकीचे कुणी खाल्ले?

डी मध्ये २०१५ च्या सिंहस्थाचे रामकुंडावरचे फोटो आहेत, रंगपंचमीच्या रहाडींचे (रंगाच्या हौदांचे) सात-आठ वर्षांचे आहेत. प्रत एकच. म्हणून विचारून करतोय.

अंबडकर | शुक्रवार, रात्री ९.५८

भाऊ, 'प्रत एकच' हे वाचून पोटात गोळा आला. आता कशालाच हात लावू नका.

२.३५ जीबी कुणी खाल्ले नाहीत. तिथे आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो आणि विंडोज १०२४ एमबीला एक जीबी मोजतं. १००००० भागिले १०२४ करून बघा. पुढच्या वेळी १०२४०० टाका.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या आडव्या पट्टीत डावीकडून उजवीकडे काय काय दिसतंय ते सांगा. बारीक तुकडेसुद्धा.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री १०.१५

डावीकडून: १०० एमबी ईएफआय, मग सी १२० जीबी, मग ७०० एमबीच्या आसपास 'रिकव्हरी पार्टिशन', मग डी ४०५, मग ई (आता ३०७ उरलाय), आणि सगळ्यात शेवटी ती काळी पट्टी.

जुनी_फ्लॉपी | शुक्रवार, रात्री १०.५२

मी नाशिकरोडला पंधरा-सोळा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. हा प्रश्न दर बॅचला यायचा, तेव्हा फळ्यावर शेत काढून सांगायचो. इथे फळा नाही, पण शेत आहेच.

तुमची डिस्क म्हणजे एक लांबट गट समजा. सी, डी, ई ही भावांची ओळीने लागलेली वावरं. पार्टिशन टेबल म्हणजे तलाठ्याचं दप्तर. अमक्याचं वावर या सेक्टरपासून त्या सेक्टरपर्यंत, एवढीच त्यात नोंद. वावरात काय पिकतंय, म्हणजे तुमच्या फायली, त्याचा हिशेब वेगळ्या वहीत. त्या वहीला फाइल सिस्टिम म्हणतात, तुमच्याकडे एनटीएफएस.

तुम्ही ई ला म्हणालात, थोडं आखडून घे. त्याने उजव्या टोकाची जमीन सोडली, कारण विंडोजच्या श्रिंकला फक्त उजवाच बांध हलवता येतो. जमीन सुटली ती गटाच्या पार शेवटच्या टोकाला. सी ला वाढायचंय ते त्याच्या उजव्या बांधाला लागून. मध्ये रिकव्हरीची चिंचोळी पट्टी (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचा माल तिथे असतो), मग आख्खं डी, मग आख्खं ई. शेजारच्या शेजारच्याचं रान पडीक पडलं म्हणून आपला बांध पुढे सरकत नाही. म्हणून 'एक्स्टेंड' फिकट आहे. सी ला पडीक जागा हवी ती उजव्या हाताला, लागून.

अवघड काम आहे ते वावर जागेवरून उचलून पुढे मांडायचं. उजवा बांध आत घेणं म्हणजे बहुतेक दप्तरातली दुरुस्ती, वाटेत आलेली थोडी रोपं हलवावी लागतात इतकंच. पण डी चा डावा बांध पुढे न्यायचा, तर डी मधला प्रत्येक सेक्टर उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. चारशे जीबी रान उपटून पुन्हा लावायचं! त्यात मध्येच लाइट गेली, तर अर्धं जुन्या जागी, अर्धं नव्या, आणि दप्तर कुठल्याशीच जुळत नाही.

टेक_मावळा | शुक्रवार, रात्री ११.०५

एवढं पुराण कशाला? डिस्कवर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क'. मग लांबची जागापण सी ला जोडता येते. दोन मिनिटांचं काम.

बायोसबाई | शुक्रवार, रात्री ११.२०

कृपया हे करू नका. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होतं त्या व्हॉल्यूमला अशी दुसरीकडची जागा जोडता येतच नाही. शिवाय डायनॅमिक डिस्क हा प्रकार मायक्रोसॉफ्टने स्वतःच मोडीत काढलाय, आणि परत बेसिक करायची तर विंडोजच्या साधनांनी त्या डिस्कवरचे सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात. दोन मिनिटांचं काम निस्तरायला दोन दिवस.

टेक_मावळा | शुक्रवार, रात्री ११.२४

ओके ताई, माझ्या जुन्या पीसीवर दुसऱ्या डिस्कला चाललं होतं म्हणून बोललो.

पेंग्विन_सिन्नर | शुक्रवार, रात्री ११.४१

पेनड्राइव्हवर जीपार्टेड लाइव्ह (पार्टिशन हलवायचं साधन) टाका, त्यावरून बूट करा. ई उजवीकडे सरकवा, डी उजवीकडे सरकवा, रिकव्हरी सरकवा, सी ओढा. चित्रासारखं माउसने ओढायचं. फुकट आहे, मी दहा वेळा तरी केलंय, एकदाही काही गेलं नाही.

फक्त आधी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, अर्धी झोप असते, आणि तशा एनटीएफएसला जीपार्टेड हात लावत नाही. एकदा सीएचकेडीएसके-ही (डिस्कमधल्या चुका तपासणारी विंडोजची कमांड) चालवून घ्या.

द्राक्षबाग | शनिवार, सकाळी ६.३५

दहा वेळा काही झालं नाही म्हणता. माझं पहिल्याच वेळी झालं.

मी दिंडोरी तालुक्यातला. चार वर्षांमागं घरच्या कॉम्प्युटरचा सी असाच भरला. ओळखीच्या पोराने कुठलंसं पार्टिशनचं सॉफ्टवेअर टाकलं, डी सरकवायला लावला. पट्टीवर बत्तीस टक्के आले. वळवाचे दिवस, दुपारी तीनला वारं सुटलं, लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. घरात कुणाला पत्ता नाही.

त्यात काय होतं तर तीन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी, रेसिड्यूचे रिपोर्ट, एक्स्पोर्टरला दिलेली सगळी कागदं. नंतर एकाने टेस्टडिस्क लावून बघितलं. तो म्हणाला, पुसलेलं पार्टिशन टेबल यातून पुष्कळदा परत मिळतं, पण हे अर्धं सरकलेलं आहे, कुठून कुठे धरायचं? मग फोटोरेक लावलं. त्यात फोटो निघाले, पीडीएफ निघाल्या, पण नावं सगळी गेली. नुसतं एफ आणि पुढं आकडे, अशा हजारो फायली. बायकोने आणि मी दोन महिने रात्री बसून एक एक उघडून नावं दिली. छाटणीपेक्षा कंटाळवाणं काम.

भाऊ, तुमचा यूपीएस आज एकदा प्लग काढून बघा. किती मिनिटं धरतो ते.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ९.१०

दादा, आत्ता बघितलं. मॉनिटरसकट चार मिनिटं. इथेही रोज संध्याकाळी ढग येतायत. सरकवासरकवी रद्द.

बायोसबाई | शनिवार, सकाळी ९.३०

सगळे जागा कशी वाढवायची ते सांगतायत. मला आधी हे कळू द्या की सी भरला कशाने? नुसतं विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम १२० जीबी खात नाहीत. विझट्री नाहीतर विनडिरस्टॅट टाका, सी स्कॅन करा, वरचे चार-पाच मोठे फोल्डर सांगा.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी १०.२५

ताई, डोळे उघडले. लाइटरूमचे प्रीव्ह्यू ३४ जीबी. कॅमेरा रॉचा कॅश ९. डाउनलोड्स फोल्डर १७ (त्यात एकाच नवरीचा व्हिडिओ चार वेळा). हायबरफिल डॉट सिस ६.३. पेजफाइल ८. पिक्चर्समध्ये मोबाइलमधले २१ जीबी.

बायोसबाई | शनिवार, सकाळी १०.४८

म्हणजे ऐंशी जीबी तुमचंच सामान आहे.

लाइटरूमचे प्रीव्ह्यू कॅटलॉगच्या (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) शेजारीच राहतात. कॅटलॉगचा आख्खा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेलात की तेही जातात. लाइटरूम बंद करून न्या, मग नव्या जागेवरून कॅटलॉग उघडा. जुन्या कामांचे १:१ प्रीव्ह्यू लायब्ररी मेनूमधून काढून टाका, लागले तर ते परत बनतात. कॅमेरा रॉच्या कॅशची जागा प्रेफरन्सेसमध्ये बदलता येते. डाउनलोड्स आणि पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब, तिथून ई वर हलवा. फोल्डर उघडताना तुम्हाला फरक जाणवणार नाही. कॉम्प्युटर कधी हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून बंद) करत नसाल तर तेही बंद करा, हायबरफिलचे ६ जीबी तिथेच सुटतील. (पॉवर-सीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, एच, स्पेस, ऑफ. इथे रोमन अक्षरं टाकली की पोस्ट उडते म्हणून असं लिहितेय. टाइप अर्थातच इंग्रजीत, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये.)

एवढं करून सी मध्ये पन्नास जीबी सुटले, तर पार्टिशनला हात लावायची गरज आहे का, हे तुम्हीच ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सातांची गाडी इथेच थांबते.

ओझर_एक्सप्रेस | शनिवार, सकाळी ११.१५

धाग्यात घुसतेय, माफ करा. माझं उलटं आहे. लॅपटॉपला ५१२ ची एसएसडी, एकच सी ४७६ जीबीचा, त्यात ३०० मोकळे. मला वेगळा डी हवाय. श्रिंक करायला गेले तर म्हणतो फक्त ११ जीबी कमी करता येतील. ३०० मोकळे असताना?

अंबडकर | शनिवार, सकाळी ११.३०

ताई, मध्ये कुठेतरी न हलणारी फाइल बसलीये. श्रिंक उजवीकडून डावीकडे येतं आणि वाटेत पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट किंवा एमएफटीचा (एनटीएफएसची फायलींची यादी) तुकडा लागला की थांबतं. श्रिंकचा प्रयत्न केल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन लॉग उघडा, २५९ नंबरचा इव्हेंट शोधा. कुठल्या फायलीने अडवलं तिचं नावच लिहिलेलं असतं.

तात्पुरतं हायबरनेशन बंद, पेजफाइल 'नो पेजिंग फाइल', सिस्टिम प्रोटेक्शन बंद (जुने रिस्टोअर पॉइंट जातील हे लक्षात ठेवा), रिस्टार्ट, श्रिंक. झालं की तिन्ही परत चालू. पेजफाइल विसरू नका, लोक विसरतात आणि महिन्याने 'कॉम्प्युटर हँग होतोय' म्हणून दुकानात येतात.

आणि लॅपटॉप ब्रँडेड असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) बघा. नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, मगच पुढे.

ओझर_एक्सप्रेस | शनिवार, दुपारी १२.२०

२५९ सापडला! एमएफटी नाही, पेजफाइलच होती. आता १९० देतोय. आणि हो, एन्क्रिप्शन चालू होतं, मला आजवर माहीतच नव्हतं. की वहीत लिहिली. मिसळ लागू तुम्हाला.

जुनी_फ्लॉपी | शनिवार, दुपारी १.०५

थोडं विषयाबाहेर. हे सी-डी-ई करून द्यायचं खूळ आलं कुठून? विंडोज ९५ च्या सुरुवातीला एफएटी१६ होतं, त्यात एक पार्टिशन २ जीबीच्या वर जात नसे. ४ जीबीची डिस्क आली की एफडिस्क घेऊन तिचे तुकडे पाडणं भागच होतं. १९९६ मध्ये एफएटी३२ आलं आणि ती गरज संपली, पण सवय दुकानात राहिली. पुढे दुसरं कारण चिकटलं: विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा, गिऱ्हाइकाचा डेटा डी मध्ये वाचतो. हे मात्र खरं आहे, अजूनही. सी ला कमी जागा देणं मात्र जुन्या हिशेबातलं. तेव्हा विंडोज काही शे एमबीत बसायचं.

आणि ए, बी फ्लॉपीला राखलेले, म्हणून पहिली हार्ड डिस्क सी. फ्लॉपी गेल्या, अक्षरं अजून मोकळीच पडलीयेत. तेव्हा आम्ही पार्टिशन मॅजिक वापरायचो. सुरू करून झोपायचं आणि सकाळी देवाचं नाव घेऊन मॉनिटर लावायचा. विंडोजमध्येच श्रिंक-एक्स्टेंडची खिडकी आली ती व्हिस्टापासून.

अंबडकर | शनिवार, दुपारी १.२०

काका, सी ला १२० अजूनही देतात. मीपण दोन वर्षांपूर्वीपर्यंत द्यायचो, कबूल करतो.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी ४.००

ताईंनी सांगितल्याप्रमाणे डाउनलोड्स, पिक्चर्स, कॅश आणि कॅटलॉग ई वर नेलं, हायबरनेट बंद केलं. सी मध्ये ९१ जीबी मोकळे! लाल पट्टी निळी झाली.

पण आता प्रश्न डी चा. ३८० झालेच आहेत, लग्नसराईत भरेल. ई शेजारी मोकळा, पण दोन्हीकडे फोटो विभागून ठेवायचा कंटाळा आलाय. ती काळी पट्टीही डोळ्यांत खुपते. एकदाच नीट करून टाकावं म्हणतो. आणि प्रत एकच असल्याचं तुम्ही सगळ्यांनी एवढं सुनावलंय की आज २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली.

अंबडकर | शनिवार, दुपारी ४.३०

आणली ना? मग सगळं सोपं झालं. काही सरकवायचंच नाही.

डी आणि ई दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घ्या. ३८० आणि साधारण २४०, सहाशेवीस जीबी. तपासा. मग डी उडवा, ई उडवा. सी च्या उजवीकडे सगळं मोकळं. सी ला हवं तेवढं वाढवा, उरलेल्याचा एकच डी करा, फोटो परत भरा. सगळं विंडोजच्या आपल्याच साधनांनी, पैशाचं सॉफ्टवेअर नाही. वेळ जातो तो फक्त कॉपीत, आणि कॉपी करताना लाइट गेली तर काय? मूळ तर जागच्या जागी असतं.

मध्ये ती रिकव्हरीची पट्टी आडवी येईल. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंट-सी, स्पेस, तिरकी रेघ, डिसेबल. त्यातला माल सी मध्ये येऊन बसतो. मग डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं पार्टिशनचं कमांडवालं साधन) ते पार्टिशन निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. निवडताना साइज तीनदा बघा, डिस्कपार्ट 'खरंच का?' असं विचारत नाही. सी वाढवून झाला की रीएजंट-सी, तिरकी रेघ, एनेबल. वेगळी पट्टी नसेल तर रिकव्हरी सी वरच राहते, असेंबल्ड मशीनला चालून जातं. ब्रँडेड लॅपटॉपवाल्यांनी हे बघून करू नये, त्यांच्या रिकव्हरीत कंपनीचं आख्खं विंडोज असू शकतं.

बायोसबाई | शनिवार, दुपारी ४.५५

पद्धत बरोबर. त्या पट्टीबद्दल एवढंच, की ती अगदीच टाकाऊ समजू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चा एक सुरक्षा अपडेट तिच्यात जागा पुरेना म्हणून कितीतरी मशीनवर अडकला होता, आणि मायक्रोसॉफ्टने लोकांना ती २५० एमबीने वाढवायला सांगितलं. शेवटी रीएजंट-सी, तिरकी रेघ, इन्फो देऊन 'एनेबल्ड' दिसतंय ना, बघा.

मोठी गोष्ट वेगळीच. डी उडवलात त्या क्षणी तुमची प्रत पुन्हा एकच. आणि तीही आज आणलेल्या, टेबलाच्या कडेला ठेवलेल्या, वायर लोंबणाऱ्या डिस्कवर. सिंहस्थ आणि रहाडी, जे परत काढता येणार नाही ते, आणखी एका ठिकाणी हवं. कुणाची तरी जुनी डिस्क मागून घ्या.

पेंग्विन_सिन्नर | शनिवार, संध्याकाळी ५.२०

तपासायला फ्रीफाइलसिंक वापरा. दोन्हीकडचं 'फाइल कंटेंट'ने ताडून बघतं, नुसत्या साइजवर भरवसा ठेवत नाही. वेळ लागेल, लागू द्या. आणि बाहेरची डिस्क एफएटी३२ असेल तर एनटीएफएस करून घ्या, ४ जीबीच्या वरचा व्हिडिओ एफएटी३२ वर जातच नाही.

(जीपार्टेडचं मी मागे घेत नाही, पण चार मिनिटांच्या यूपीएसवर मीही नसतं केलं.)

द्राक्षबाग | शनिवार, रात्री ८.१५

जुनी एसएसडी आहे ना आत? मग एक ऐका. माझी हार्ड डिस्क होती म्हणून फोटोरेकला तेवढं तरी मिळालं. एसएसडीवर एकदा फॉरमॅट मारलं की विंडोज तिला 'ही जागा आता मोकळी' असं कळवतं, ट्रिम म्हणतात त्याला, आणि ती आतल्या आत साफ करून टाकते. मग कुणीही बसलं तरी काही निघत नाही. तेव्हा उडवायच्या आधी काय ती खात्री.

गोदाकाठ | रविवार, रात्री १०.३०

झालं. सविस्तर सांगतो, कुणाला उपयोग होईल.

सकाळी आठला कॉपी लावली. वेग ३३ एमबी, वेळ दाखवतोय पाच तासांच्या वर. अंबडकर भाऊंना फोन केला (नंबर दिल्याबद्दल आभार), ते म्हणाले मागचं निळं पोर्ट वापरा, पुढचं जुनं असणार. मागे लावल्यावर ११० च्या आसपास गेलं. मध्ये मध्ये एक खिडकी यायची, फाइलचा पाथ फार लांब आहे, स्किप करू का? मी घाईत दोन-तीनदा 'स्किप' दाबलं. अकराच्या सुमारास संपलं. प्रॉपर्टीज बघितल्या, दोन्हीकडे जीबीचा आकडा सारखाच दिसत होता. मोह झाला, आता उडवून टाकावं.

पण सांगितलं होतं म्हणून फ्रीफाइलसिंक लावलं. दोन तास. शेवटी १९ फायली 'फक्त डावीकडे' दिसल्या. एका लग्नाच्या फोल्डरची नावं मी नवरा-नवरीची पूर्ण नावं, हॉल, गाव, तारीख अशी लांबलचक ठेवली होती, त्यात बाहेरच्या डिस्कवर 'डी ड्राइव्हचा पूर्ण बॅकअप' हा फोल्डर वरून लागला आणि लांबी हद्दीबाहेर गेली. त्या १९ मध्ये सप्तपदीचे फोटो होते. सहाशे जीबीत १९ फायली, आकड्यात कुठे दिसणार? बॅकअपच्या फोल्डरला नुसतं 'डी' नाव दिलं, परत कॉपी केल्या, परत ताडलं. शून्य फरक.

सिंहस्थ आणि रहाडी मिळून ७४ जीबी. ते भाच्याच्या जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर वेगळे घेतले. तिची तब्येत आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितली, 'गुड' होती.

चारला लाइट गेली! तेव्हा फक्त भाच्याच्या डिस्कवर कॉपी चालू होती. आल्यावर परत लावली, झालं. ती सरकवासरकवी चालू असती तर आत्ता मी काय लिहीत असतो कोण जाणे.

सहाला दोन्ही बाहेरच्या डिस्क काढून बाजूला ठेवल्या, म्हणजे डिस्कपार्टमध्ये चुकून त्या निवडल्या जायला नकोत. मग रीएजंट-सी, डिस्कपार्ट, ओव्हरराइड. हात थरथरत होता हे खरं. डी उडवला, ई उडवला. सी वर राइट क्लिक केलं आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ठळक! सी २२० केला. हे एक्स्टेंड तीन सेकंदांत होतं, यासाठी मी तीन दिवस घालवले. उरलेल्या ७११ जीबीचा एकच डी. अक्षर मुद्दाम डीच दिलं, म्हणून लाइटरूमने डी मधले सगळे फोटो आपोआप ओळखले. ई वरचे फोल्डर तेवढे 'फाइंड मिसिंग फोल्डर' करून दाखवावे लागले. कॅटलॉग ई वर होता, तो आता डी वर आहे. इन्फोमध्ये रिकव्हरी 'एनेबल्ड' आहे, ताई.

परत भरायची कॉपी आत्ता संपली. ताडणं रात्रभर लावून ठेवतो.

जुनी_फ्लॉपी | रविवार, रात्री १०.५०

उत्तम! बाहेरची डिस्क आता रिकामी करून दुसऱ्या कामाला घेऊ नका. आणि स्टुडिओत ठेवू नका. गोदेला पूर आला की पंचवटीत पाणी कुठपर्यंत येतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७.४५

काका, ताडून झालं, फरक शून्य. २ टीबीची डिस्क बहिणीकडे इंदिरानगरला पाठवतोय, तिसऱ्या मजल्यावर. भाच्याची परत द्यायची होती, तर तो म्हणतो राहू दे मामा, पण तुझा जुना कॅमेरा दे. बघतो काय करायचं ते.

ओझर_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ८.१०

पेजफाइल परत चालू करायची राहिली होती हो माझी. हा धागा वाचताना आठवलं.

अंबडकर | सोमवार, सकाळी ८.१२

😀 म्हटलं होतं की नाही?